बयाबाईचा प्रश्न आणि चार बॉम्बफेकी म्हशी

प्रश्न विचारला बयाबाईनं, आणि तोही दूध मापता मापता. त्यामुळं पुढं जे काही घडलं त्याचा सगळा दोष आपल्या एकट्याच्या माथी मारणं न्यायाचं नाही, असं नृसिंह हेरवाडकर मास्तरांचं ठाम मत आहे. ते मत त्यांनी कुणी विचारलं नसतानाही अनेकांना सांगितलेलं आहे.

चोपन्न सालचा भाद्रपद. घरोघरचे गणपती नुकतेच पाण्यात पोचले होते. सकाळी साडेसातच्या सुमाराला गंगावेशीवरून एक जेट विमान गेलं. विमान गेलं आधी आणि आवाज आला मागून. त्यामुळं बोळातली झाडून सगळी माणसं आवाजाकडं तोंड करून उभी राहिली, तोवर विमान पन्हाळ्याच्या अंगाला दिसेनासं झालं होतं. मास्तर स्वतः गणिताचे शिक्षक असूनही चुकीच्याच दिशेला बघत होते, ही गोष्ट त्यांना पुढं बरेच दिवस डाचत राहिली.

बयाबाई मास्तरांच्या पायरीवर बसून त्यांच्या बायकोच्या, पद्मजाबाईंच्या, पातेल्यात दूध घालत होती. तिनं मात्र विमान नेमकं पाहिलं होतं. मापटं हातातच राहिलं आणि ती म्हणाली, "मास्तर, ह्ये असलं इमान तवा असतं, तर माजा जोती वाचला असता का?"

जोती म्हणजे जोतीराम, तिचा एकुलता एक. लढाईत गेला. तोही लढताना नव्हे. वाळवंटात पकडला गेला, तिथनं समुद्रापल्याड नेला गेला आणि परमुलखातल्या एका रेल्वेच्या गावाजवळ कैद्यांच्या छावणीत दोन वर्षं राहिला. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात त्या गावावर बॉम्ब टाकायला मोठी मोठी विमानं आली. ती आपल्याच बाजूची होती. त्यांना रेल्वे पाडायची होती. रेल्वे पडली आणि छावणीही पडली. बयाबाईला हे सगळं ठाऊक होतं, कारण त्याच छावणीतनं शेजारचा कृष्णात जिवंत परत आला होता. दोघं एकाच दिवशी भरती झालेले. स्टेशनावर बयाबाईनं जोतीचा हात कृष्णातच्या हातात दिला होता आणि "ह्येला संबाळ" म्हणून सांगितलं होतं. कृष्णात एकटा परत आल्यापासून ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती. तीन घरांचं अंतर आणि नऊ वर्षांचा अबोला.

आता अशा प्रश्नाला शहाण्या माणसानं काय उत्तर द्यावं? "असता की, बयाबाई" म्हणावं आणि दुधाचं पातेलं आत न्यावं. पण मास्तरांच्या घरात एक ट्रंक होती आणि त्या ट्रंकेत लढाईच्या काळातली विमानांविषयीची सगळी मासिकं होती. बावीस वर्षांच्या नोकरीत ते एकदाही चुकीचं उत्तर बोलले नव्हते, किंवा बोललेलं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते म्हणाले, "आठ दिवसांत सांगतो."

आत गेल्यावर पद्मजाबाई म्हणाल्या, "अहो, हो म्हणून टाकायचं होतं. म्हातारीला बरं वाटलं असतं."

"गणितात हो म्हणून टाकायचं नसतं," मास्तर म्हणाले.

आठाचे वीस दिवस झाले. मास्तरांनी शंभर पानी वही घातली. अवजड बॉम्बफेकी विमान ताशी दोनशे मैल जातं, जेट ताशी पाचशे चाळीस. जेटमधलं तेल तासाभरात संपतं. अवजड विमानं पंचवीस हजार फुटांवरनं येतात, तेव्हा जेटला तिथवर चढायला लागणारा वेळ वजा केला पाहिजे. जेवताना ताटातल्या भाकरीच्या तुकड्यांचे थवे होऊ लागले आणि चटणीच्या ठिपक्यावर चाल करून येऊ लागले. सगळ्यात मास्तरांना हळहळ वाटली ती तारखांची. शत्रूकडं जेट विमानं खरोखरच आली होती, पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात. छावणी पडली उन्हाळ्यात. तीन-चार महिन्यांची तर गोष्ट. रेशनच्या दुकानात साखर येते त्याहूनही कमी उशीर.

विसाव्या दिवशी उत्तर निघालं. वीस जेट विमानं चार महिने लवकर आली असती, वीसच्या वीस वेळेवर वर चढली असती आणि दोन बाजूंनी चालून गेली असती, तर बॉम्बफेकी विमानांचा थवा छावणीच्या अलीकडं अठरा मैलांवर फुटला असता. जोतीराम वाचला असता. मास्तरांनी खाली दोन रेघा ओढल्या. त्यांचे डोळे भरून आले. आपण एका आईला तिचा मुलगा कागदावर का होईना परत दिला, असं त्यांना मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बयाबाईला पायरीवर बसवून वही वाचून दाखवली. तिनं सतराच्या सतरा पानं ऐकून घेतली आणि म्हणाली, "मास्तर, कागुद मला काय कळतोय. एकदा डोळ्यांनी दावा की."

ही मागणी बोळात पोचायला दुपारचीही वाट बघावी लागली नाही. संध्याकाळी समोरचे दादा निपाणीकर धोतराचा सोगा सावरत आले. दादा बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या बांधकामावर त्यांची नजर असे.

"मास्तर, एक विचारू? ही जेट विमानं कुणाची?"

"शत्रूची."

"आणि ती पाडणार कुणाची विमानं?"

"आपल्या बाजूची."

दादांनी मागं वळून दाराकडं एकदा बघून घेतलं. "तुमचा सरकारी अनुदानाच्या शाळेतला पगार आहे हो," ते हलक्या आवाजात म्हणाले आणि चहा न घेता गेले. दोन दिवसांत मास्तर आतून जर्मनांचे असल्याची बातमी पार शुक्रवार पेठेत पोचली. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं आणि लढाई कोण जिंकलं याविषयी मास्तरांचं मत काय, असं सौम्यपणानं विचारलं.

मास्तर अपमान गिळून कामाला लागले. प्रात्यक्षिकाला चार अवजड विमानं आणि एक जलद विमान लागणार होतं. अवजड विमानांसाठी काय घ्यावं याचा विचार करत ते दारात उभे असताना समोरनं म्हशी रंकाळ्याला निघाल्या होत्या. काळ्या, रुंद, ओळीनं चाललेल्या आणि वाटेत काहीही आलं तरी वेग न बदलणाऱ्या. मास्तरांनी आकाशाकडं बघून हात जोडले. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात गवळी लोक म्हशी नटवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि माळावर नेऊन पळवतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे नुसत्या म्हशीच नव्हे, तर धावत्या म्हशी तयार मिळणार होत्या. म्हशी कशाच्या मागं पळतात, एवढा एकच तपशील मास्तरांनी कधी बघितला नव्हता. पाडव्याला सकाळी ते घरी अभ्यंगस्नान आणि फराळ करून मासिकं वाचत बसत.

परवानगीचं काम मात्र साधं नव्हतं. मास्तरांनी कचेरीत अर्ज दिला. अर्ज स्वच्छ अक्षरात होता आणि तीच चूक झाली, कारण कारकुनाला तो पूर्ण वाचता आला.

"बॉम्बफेकी विमाने, नग चार," कारकून मोठ्यानं वाचत म्हणाला. "कंसात म्हशी. मास्तर, ह्या म्हशी हायत का विमानं?"

"म्हशी. पण प्रात्यक्षिकापुरत्या विमानं."

"मग विमानांचं परवानं जोडा."

"अहो, म्हशींना विमानाचा परवाना कोण देणार?"

"ते आमचं काम न्हवं. तुमी ल्ह्यायला नको होतं."

मास्तरांनी दुसरा अर्ज दिला, त्यात विमान हा शब्दच काढून टाकला. त्यावर शेरा आला की प्रयोजन स्पष्ट करावे. तिसऱ्यांदा प्रयोजन स्पष्ट केलं, तेव्हा गुलालाच्या पुड्या बॉम्ब म्हणून वापरणार असल्याचा उल्लेख वाचून साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि उभं ठेवूनच तासभर चौकशी केली. गणिताच्या बी.ए.ला पहिल्या वर्गात आलेला माणूस भिंतीला टेकून उभा आणि साहेब टेबलावर पुडी फोडून गुलाल हुंगतोय, हे दृश्य मास्तरांनी पद्मजाबाईंनासुद्धा नीट सांगितलं नाही. शेवटी परवाना मिळाला तो 'पाळीव जनावरांची मिरवणूक, वाद्यांविना' या सदराखाली. मास्तरांना तो बघवेना. त्यांनी तो उलटा घडी करून खिशात ठेवला.

राहिलं जेट. सगळ्या बोळात वेगानं जाणारी वस्तू एकच होती: लष्करानं मोडीत काढलेली एक मोटारसायकल. ती होती कृष्णातची.

मास्तर त्याच्याकडं गेले तेव्हा कृष्णात गोठ्यात शेण काढत होता. अंगानं सुकलेला, बोलायला कमी. मास्तरांनी सगळी योजना समजावून सांगितली. माळाच्या एका टोकाला रांगोळीनं छावणी आखायची, तिच्यात एक गवताची खोप. दुसऱ्या टोकाकडनं कृष्णातच्याच गोठ्यातल्या चार म्हशी येणार. मधेच कृष्णातनं मोटारसायकल घेऊन समोरून त्यांच्यावर चालून जायचं, वळायचं, पुन्हा चालून जायचं. म्हशी बिथरून फाकणार. छावणी वाचणार.

छावणी हा शब्द आला तेव्हा कृष्णातचा हात थांबला. त्यानं विचारलं, "बयाआक्का येणार हाय बघायला?"

"तिच्यासाठीच तर आहे सगळं."

"म्हंजे त्येला वाचवता आलं असतं, आसं तुमी तिला दावणार."

"अर्थात. गणितानं सिद्ध झालंय."

कृष्णात काढून झालेलीच जागा पुन्हा झाडू लागला. मास्तरांना वाटलं, त्याला गणिताचा आनंद झालाय. मास्तर माणूस वाईट नव्हता. फक्त वहीत नसलेली गोष्ट त्यांना दिसायला वेळ लागे.

"चालवतो," कृष्णात म्हणाला. "पर मास्तर, म्हसरांचं एक सांगू का, ती गाडी..."

"म्हशींचं मी बघतो. तू फक्त विमान बघ," मास्तर म्हणाले आणि उठले.

पाडव्याला माळावर ही गर्दी. गवळ्यांच्या म्हशी पळवून झाल्या होत्या आणि मास्तरांचा कारभार बघायला सगळे थांबले होते. पद्मजाबाईंनी पहाटेच्या फराळाची आवराआवर टाकून रांगोळीची छावणी काढली होती. खोपीला त्यांनी कुणी न सांगता एक छोटं दार ठेवलं होतं. बयाबाई नवं लुगडं नेसून रांगोळीच्या कडेला खुर्चीवर बसली. ती खुर्चीवर कधी बसत नसे, म्हणून अगदी काठावर टेकली होती.

चार म्हशींना मास्तरांनी बांबूच्या तट्ट्याचे पंख बांधले आणि पोटाखाली गुलालाच्या पुड्या. पहिल्या म्हशीनं दुसरीचा पंख खाल्ला. चौथीनं खाली बसून आपल्या पुड्या जागच्या जागी फोडल्या आणि गुलाबी होऊन उठली. "हे विमान उडण्यापूर्वीच कामी आलं," असं मास्तरांनी गंभीरपणानं जाहीर केलं. दादा निपाणीकर म्हणाले, पंख जरा वर बांधायला हवे होते. दुसऱ्या कुणी सांगितलं, म्हशींना आधी पाणी दाखवा. मास्तरांनी कुणाकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी वही उघडली, घड्याळ बघितलं आणि रुमाल हलवला.

माळाच्या टोकाकडनं म्हशी सुटल्या. छावणीकडनं कृष्णात सुटला. गाडीचा आवाज माळभर घुमला. तो थेट म्हशींच्या रांगेवर चालून गेला, अगदी वहीतल्या पान बाराप्रमाणं.

म्हशी बिथरल्या नाहीत. त्यांनी माना वर केल्या, कान पुढं घेतले आणि ओळखीचा आवाज ऐकून खुशीत रेकल्या. कृष्णात वळला तशा त्या त्याच्या मागं वळल्या. गेली तीन वर्षं ह्याच गाडीमागं पळायला त्यांना शिकवलेलं होतं. कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट, म्हैस गाडीला भिऊन पळत नाही, गाडीच्या मागं पळते, एका मास्तरांना ठाऊक नव्हती. त्यांना ती ठाऊक नसेल असं कुणाला वाटलंही नव्हतं.

कृष्णातनं गाडी डावीकडं घातली, म्हशी डावीकडं. उजवीकडं घातली, म्हशी उजवीकडं. दोन्ही बाजूंना बघ्यांच्या भिंती, त्यामुळं वाट एकच उरली. शेवटी गाडी रांगोळीपाशी आली आणि मागोमाग चारी म्हशी दाणदाण करत छावणीत शिरल्या. रांगोळी गेली. गुलालाच्या पुड्या फुटल्या. खोप आडवी झाली आणि गुलाबी म्हशीनं ती खायला घेतली. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. दादा निपाणीकर डोळे पुसत होते.

मास्तर वही धरून उभे होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लोकांच्या हसण्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. बावीस वर्षं शाळेत तेच ऐकलेलं. पण बयाबाईच्या समोर, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या मुलाची छावणी आपण दुसऱ्यांदा पाडली, हे त्यांना लागलं. त्यांनी घाईघाईनं वहीतलं उत्तराचं शेवटचं पान फाडून घेतलं आणि त्याच्या खाली उभ्या उभ्या लिहिलं: प्रात्यक्षिक बाद, जनावरांची सवय विचारात न घेतल्यामुळं. मूळ उत्तर कायम. वाचला असता. एवढं तिला सांगितलं की झालं. ते तिच्याकडं निघाले.

बयाबाई खुर्चीवरनं उठली होती. तिला उठलेली बघून हसणं हळूहळू थांबलं. गुलालात पाय बुडवत ती खोप होती तिथं येऊन उभी राहिली. गाडीवर कृष्णात तसाच बसून होता. एक म्हैस त्याच्या खांद्याला नाक घाशीत होती. तो कुणाकडंच बघत नव्हता.

"मास्तर," बयाबाई म्हणाली, "तुमी इत्कं शिकलेलं मानूस. दोन म्हयनं खपलासा. त्या वाऱ्यावानी पळणाऱ्या इमानाचा हिसाब मांडलासा. तरीबी आलीच की समदी."

"बयाबाई, त्याचं असं झालं," मास्तरांनी पान पुढं केलं.

"थांबा वाईच. मला एवढंच सांगा. एवढं जोराचं इमान मदी घालूनबी ती आडली न्हाईत. मग ह्या पोरानं," तिनं कृष्णातकडं हात केला, पण त्याच्याकडं बघितलं नाही, "ह्या पोरानं नुसत्या दोन हातांनी काय आडवली असती?"

तेव्हा कुठं मास्तरांना कळलं की म्हातारीनं दोन महिन्यांपूर्वी दूध मापताना काय विचारलं होतं. वाचला असता म्हटलं, तर वाचवता आलं असतं. आणि वाचवता आलं असतं, तर वाचवलं का नाही, हा प्रश्न विचारायला तिच्याजवळ जगात एकच माणूस होता.

मास्तरांच्या हातात पान होतं. त्यावर दोन रेघा ओढलेलं, तपासलेलं, निर्दोष उत्तर होतं. सगळा माळ त्यांच्या तोंडाकडं बघत होता. दादा निपाणीकर, हेडमास्तर, तालमीतली पोरं, कचेरीतला कारकूनसुद्धा आला होता. एक वाक्य बोलले असते तर त्यांची गेलेली सगळी अब्रू जागच्या जागी परत आली असती. पद्मजाबाई नवऱ्याकडं बघत होत्या. त्यांनी मान हलवली नाही, खूण केली नाही.

"नसती अडवता आली," मास्तर म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी तेच पुन्हा, वर्गात सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं. "कुणालाच नसती, बयाबाई. माझं गणित चुकलं होतं."

त्यांनी पानाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि ते खिशात टाकलं. दादा निपाणीकर शेजारच्याला म्हणाले, "मी म्हणत होतो." मास्तरांनी ते ऐकलं आणि ऐकून घेतलं.

बयाबाई गाडीपाशी गेली. म्हशीचं नाक तिनं हातानं बाजूला सारलं. कृष्णातच्या गालावर गुलाल उडाला होता. तो तिनं लुगड्याच्या पदरानं पुसला, सावकाश, एका बाजूचा आणि मग दुसऱ्या बाजूचा. कृष्णातची मान खाली होती आणि खांदे हलत होते.

"आक्का, मी धरला हुता त्येचा हात," तो म्हणाला. "पुरायच्या खड्ड्यापतूर धरला हुता."

"आसशील की," बयाबाई म्हणाली. "गाडी बंद कर. केवडा वाळलाईस बग. आज पाडवा हाय, घरला चल. जेवून जा."